कृपासिस्टर डोळे मिटत नसत

मुकुटबनात प्रार्थनेला डोळे उघडे ठेवून बसणारी एकच ख्रिस्ती बाई होती आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. कृपासिस्टर. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या इंजेक्शनला गावातली निम्मी माणसं लहानपणी रडलेली, आणि तीच माणसं मोठेपणी वाट वाकडी करून त्यांची विचारपूस करायला यायची. सिस्टर चहाआधीसुद्धा प्रार्थना करत. तीही माझ्या ओट्यावर, माझ्या बायकोनं केलेल्या चहावर. मी शाळेत मास्तर, आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले ते सोडलेच. त्यामुळे माझ्या चहावर कोणी देवाला बोलवावं याची मला आधी गंमत वाटे, मग सवय झाली. डोळ्यांचं मात्र कोडं सुटत नव्हतं. हात जोडलेले, मान झुकलेली, ओठ हलताहेत, आणि डोळे टक्क उघडे, फाटकावर लावलेले. चहा निवून जायचा, पण डोळे हलायचे नाहीत.

"सिस्टर, तुमचा देव फाटकातून येते का?" मी एकदा चिडवलं.

"येते तं येते," त्या म्हणाल्या. "आपन पाह्यत राहावं."

बुटक्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती पावसासाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त. कोणाला थांबवायचं तर छत्री आडवी, कोणाला झापायचं तर उभी. रस्त्यात सरपंच भेटो की बकऱ्या वळणारा म्हातारा, दोघांनाही एकच खणखणीत "सलाम!" दारात आलेल्याला काय पाहिजे असं त्यांनी कधी विचारलं नाही. "आधी बस. मंग सांग." उभा माणूस अर्धा निघालेलाच असतो, त्याचं दुखणं खरं समजत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा गणपतीची वर्गणी मागायला पोट्टे आले तर त्यांनाही ओसरीवर बसवलं, चहा पाजला, एकाच्या मानेवर गळू दिसलं तर ते तिथल्या तिथे साफ करून पट्टी बांधली. वर्गणी मागायचं ते विसरूनच गेले.

देवाशी बोलतानाही त्यांच्याकडे अदब म्हणून नव्हती. "बापा, परवा त्या नदीकाठच्या म्हातारीचं सांगतलं होतं तुले. ध्यानात नाही राह्यलं का? का मलेच पुन्हा जा लागते?" असं त्या कप हातात धरून विचारत आणि उत्तराची वाट बघितल्यासारख्या थांबत. पांढरकवड्याहून दर रविवारी उपासना घ्यायला मोटरसायकलवर येणारे तरुण पाळकसाहेब याला फार बिचकून असत. म्हातारीच्या डोळ्यांना काहीतरी झालंय, त्या मिटत नाहीत, असं त्यांना बरेच दिवस खरंच वाटत होतं.

डोळ्यांचं कारण मला एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना कळलं. अगदी बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"मिशनच्या देवळात रविवारची उपासना चालू होती. पाळक लंबी प्रार्थना करनारा. समदे डोळे मिटून. आमेन झालं, डोळे उघडले, तं दारात एक लेकरू. चिंधीत गुंडायलेलं. ते मी."

"ठेवलं कोनं?"

"कोनाले माहीत! सडकेच्या कामावरचे मजूर होते म्हनतात. कोनी म्हनते तेलंगणातले, कोनी म्हनते छत्तीसगडचे. सारं देऊळ भरलं होतं मास्तर, अन् कोनीच पाह्यलं नाही. एकानं, फकस्त एकानं डोळे उघडे ठेवले असते, तं माह्या मायले म्हटलं असतं, बाई, आधी बस."

माझा हात थांबला होता. त्यांचा थांबला नव्हता. "सोला ना," त्या म्हणाल्या, "दाने काहून सुकवता?"

मिशनची बैलगाडी हाकणाऱ्या याकोबनं त्यांना आपल्या घरी वाढवलं. पुढे नर्सिंग, मग शांतवनमास्तरांशी लग्न. मूल झालं नाही, मास्तरही लवकर गेले. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

टाळेबंदीत हायवेवर पोलीस होते, म्हणून तेलंगणातून पायी निघालेले मजूर पैनगंगेच्या कोरड्या पात्रातून आमच्या आतल्या रस्त्यानं येऊ लागले. सिस्टरनी ओसरीवरच दवाखाना मांडला. पाण्याच्या बादल्या, जुन्या साड्यांच्या पट्ट्या, मलम, आणि तोंडाचा पट्टा. असल्या चपला घालून कोणी एवढं चालतं का, म्हणून त्या फोड आलेल्या पायांना झापत, आणि ते दमलेले लोक खाली मान घालून हसत. देवळं बंद होती. रविवारची उपासना मोबाइलवर यायची. सिस्टर मोबाइल खिडकीत उभा करून ठेवत. त्यातून पाळकसाहेब म्हणाले, "आपण डोळे मिटू या." एका बिहारी माणसाची टाच हातात धरून सिस्टर मोबाइलला म्हणाल्या, "तुमी मिटा. मले काम हाये."

गावानंही तेव्हा हात आखडला नव्हता. घराघरातून पोळ्या यायच्या, झुणका यायचा. खाणाऱ्याचा धर्म कोणता आणि पट्टी बांधणारीचा कोणता, हे कोणी विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं ते याच गावात झालं. चालत जाणाऱ्यांना भाकर द्यायला आमचं गाव फार मोठ्या मनाचं आहे. त्यातलं कोणी थांबलं असतं तर काय झालं असतं, हे मला नंतर समजलं.

काही वर्षांनी सुधाकरराव नावाच्या शेतकऱ्यानं कापूस वेचायला बाहेरची माणसं आणली. त्यात देवा, त्याची बायको कोसी आणि देवाची म्हातारी आई असं एक घर होतं. मूळचे छत्तीसगडच्या जंगलातले. दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये त्यांचं गाव जळालं, तेव्हा देवा आणि कोसी लहान होते. पळून तेलंगणातल्या जंगलात आले. तिथली वस्तीही पुढे उठली. मग वेचणीच्या मागे मागे इकडे. गोंडी बोलायचे, पण आमच्या झरीकडच्या गोंडांनाही त्यांची गोंडी अर्धीच कळायची. दाखला नाही, आधार नाही, रेशन नाही. गावच राहिलं नव्हतं, तर गावाचा कागद कुठून आणतील?

कोसीला दिवस गेलेले होते. सिस्टर छत्री घेऊन वावरात जात, पऱ्हाटीच्या ओळीत तिला बसवत आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत शिकलेल्या मोडक्यातोडक्या गोंडीत चौकशी करत. कोसीचं पहिलं मूल पळापळीत झाडाखाली झालं होतं आणि त्याच दिवशी गेलं होतं. तिचं मागणं एकच होतं. हे दुसरं छपराखाली व्हावं.

"होईन," सिस्टरनी तिला शब्द दिला. "वेळ आली का मी दवाखान्यात नेईन, अन् तेथून माह्याच घरी आनीन."

संक्रांतीनंतर कापसाची उलंगवाडी झाली. वेचायला काही उरलं नाही. बाकीचे मजूर पुढच्या कामावर गेले. हे तिघं सुधाकररावांच्या वावरातल्या झोपडीत राहिले, कारण कोसीला चालवत नव्हतं. मग कुजबूज सुरू झाली. कोण आहेत, कुठले आहेत, जंगलातले बंदूकवाले तर नाहीत? सुधाकरराव सिस्टरकडे आले. "सिस्टर, म्या ठेवलं असतं. पन पोट्टे वावरात येऊन फोटू काढून राह्यले. मले बी गावात राहा लागते."

त्याच दिवशी सिस्टरनी त्या तिघांना देवळामागच्या खोलीत आणलं. देवळातली बाजाची पेटी आणि सतरंज्या ठेवायची ती खोली. आमच्याकडची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पाचसहा घरं. त्यांचे पंच डॅनियलभाऊ संध्याकाळी धावत आले.

"सिस्टर, उद्या कोनी म्हटलं का हे लोकायले बाटवून राह्यले, तं जेलात आपन जाऊ."

"कुठं बाटून राह्यले? ते तं झोपून राह्यले."

"आपले असते, ख्रिस्ती असते, तं मंडळीले काही सांगता आलं असतं."

"ख्रिस्ती असते तं तुमी अजून भ्याले असते, डॅनियलभाऊ."

डॅनियलभाऊ वाईट माणूस नव्हे. चौकात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, गिऱ्हाईक सगळं गावातलं. त्यांच्या भीतीला कारण होतं, आणि ते दोनच दिवसांत समोर आलं. पाचसहा पोट्टे देवळापाशी येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून गेले. सिस्टरनी ज्याचं गळू साफ केलं होतं तो त्यांच्यात होता. रविवारी येतो, धर्मांतर कसं करता ते बघतो, असं जाताना सांगून गेले.

सिस्टरनी त्या तिघांना स्वतःच्या घरी हलवलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांच्या बैठकीची भिंत मला ओळखू येईना. येशूची तसबीर, वचनांचं कॅलेंडर, शांतवनमास्तरांनी कोरलेला लाकडी क्रूस, सगळं उतरवलेलं. भिंतीवर नुसते पांढरे चौकोन.

"हे काय सिस्टर? येशू कुठं गेला?"

"पेटीत ठेवला."

"चालते का त्याले?"

"त्याले सवय हाये. तो लहान होता तं मायबाप त्याले घेऊन दुसऱ्या मुलखात पळालेच होते. तेथं बी कोन्या घरानं दार उघडलं असंन. त्या घरच्या भिंतीवर कोनता देव होता, कोनाले माहीत?"

घरात देवाचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. गाणं नाही, गुणगुणणं नाही, चहावरची प्रार्थनाही नाही. कोणी खिडकीतून ऐकलं तर त्याचं बालंट कोसीवर यायचं. दोन दिवस त्यांनी तग धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्री टेकत माझ्या ओट्यावर आल्या.

"मास्तर, तुमच्या इथं करू का?"

"काय?"

"रोजची सकाळची प्रार्थना. घरी नाही करता येत."

मला संताप आला. सत्तरी ओलांडलेली बाई, हिच्या हातानं गावातली पोरं जगली, आणि हिला प्रार्थनेपुरता ओटा उसना मागावा लागतो. धर्म बदलणं म्हणजे काय आणि त्यावर गाव कसं डोळे वटारतं, हे आमच्या घरात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी चटई टाकून दिली. त्या बसल्या, हात जोडले आणि माझ्या फाटकाकडे बघत राहिल्या.

रविवारी विहारातली आम्ही काही माणसं देवळासमोरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलो. ठरवून गेलो होतो. त्रिसरण म्हणणारी माणसं येशूच्या दारावर राखण करत बसली, म्हणून आमच्यातला एक जण हसलासुद्धा. रस्त्यापलीकडे पानठेल्याशी पोट्टे उभे होते, मोबाइल काढून. आत उपासना चालू होती. सिस्टर नेहमीप्रमाणे शेवटच्या सतरंजीवर, दाराकडे तोंड करून. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू झाली आणि आतल्या सगळ्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात कोसी आली.

न्हाऊन आली होती. केसांना तेल, अंगावर सिस्टरनीच दिलेली फुलांची साडी, पोट पुढे आलेलं, आणि पदरात बोरं. रविवारी लोक देवळात काहीतरी घेऊन जातात हे तिनं आधीच्या खोलीतून पाहिलं असावं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ज्या बाईनं आपल्याला छप्पर दिलं, ती जिथे जाते तिथे आपणही जावं, एवढंच तिच्या मनात असणार. ती पायरीपाशी पोचली तेव्हा पलीकडचे मोबाइल वर झाले.

ती येताना आतून फक्त सिस्टरना दिसली. त्या उठल्या, दारात आल्या आणि छत्री आडवी धरली.

"आत नको येऊ," असंच काहीतरी त्या गोंडीत म्हणाल्या असाव्यात, कारण मग तेच हिंदीत म्हणाल्या. "अंदर नहीं आना."

कोसी हसली. मस्करी वाटली असेल. मग तिनं छत्रीकडे पाहिलं, सिस्टरच्या तोंडाकडे पाहिलं. सिस्टर मोबाइलवाल्यांकडे बघत होत्या. कोसीनं मागे वळूनही पाहिलं नाही, त्यामुळे तिथे कोण उभं आहे हे तिला कळलंच नाही. पदरातली बोरं तिनं पायरीवर ठेवली आणि मान खाली घालून आल्या वाटेनं निघून गेली. आत सगळ्यांनी आमेन म्हटलं.

उठून काहीतरी करावं असं वाटलं, पण काय करायचं ते सुचलं नाही. पोट्टे थोडा वेळ थांबले. चित्रात सापडण्यासारखं काही नव्हतं. एक बाई आली, तिला ख्रिस्ती बाईनंच परत पाठवलं. ते निघून गेले. डॅनियलभाऊंनी बाहेर येऊन आमचे हात हातात घेतले, त्यांचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी सिस्टरनी कोसीला समजावलं. पोट्टे, मोबाइल, पोलीस, सगळं. कोसी मान हलवत होती, असं त्या म्हणाल्या. सोमवारी पहाटे उठून पाहतात तर घर रिकामं. खोली झाडलेली, भांडी घासून पालथी घातलेली, फुलांची साडी घडी करून खाटेवर. अशी घरं सोडायची त्या माणसांना सवय होती. आपल्यामुळे हिला त्रास नको म्हणून गेले, की हिनंही शेवटी इतरांसारखंच केलं म्हणून गेले, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

शाळेला रजा टाकून मी सिस्टरना मोटरसायकलवर मागे घेतलं. मांडीवर बाळंतपणाची पिशवी, हातात छत्री. नदीचा काठ पाहिला, झरीकडचे पाडे पाहिले, जंगलाच्या कडेचे आदिवासींचे पोड पाहिले, पांढरकवड्याच्या स्टँडवर कंडक्टरांना विचारलं. अवघडलेली बाई आणि एक म्हातारी, कोणीतरी पाहिली असेल की! कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्या दिवशीही. परत येताना केळापूरजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या.

"माही माय तं कोनाले दिसलीच नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "तिले कोनी हाकललं नाही. कोसी मले दिसली. म्या पाहून हाकललं."

"तुमी तिले वाचवाले केलं, सिस्टर."

"वाचलं कोन? देऊळ वाचलं. डॅनियलभाऊचं दुकान वाचलं. तिचं छप्पर गेलं ना." मग बराच वेळ त्या छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिल्या.

पोट्टे पुन्हा आले नाहीत. तसबीर, कॅलेंडर, क्रूस भिंतीवर परत लागलं. चहावरची प्रार्थनाही त्यांच्या घरी सुरू झाली. पण देवाला झापणं थांबलं होतं. नुसतेच हात जोडत. भिंतीपलीकडून त्यांचा तो तक्रारीचा आवाज येईनासा झाला आणि मला सकाळी चुकल्यासारखं व्हायचं. रविवारी त्या देवळात बसत नसत. पायरीवर खुर्ची टाकून, देवळाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड. पाळकसाहेबांनी एकदा आत बोलावलं, मग नाद सोडला.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. पांढरकवड्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा पाळकसाहेब आणि डॅनियलभाऊ खाटेशी उभे होते. छत्री उशाशी टेकवलेली. चष्मा काढलेला होता आणि त्याच्याविना त्या फारच लहान दिसत होत्या.

पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, प्रार्थना करू या का?"

त्यांनी मानेनंच हो म्हटलं. मग माझ्याकडे हात केला. मी वाकलो.

"मास्तर, आज डोळे उघडे राह्यत नाहीत. आपोआपच मिटून राह्यले. तुमी दरवाजाकडं पाह्यजा."

मी स्टूल फिरवून दाराकडे तोंड करून बसलो. मागे पाळकसाहेबांचा हळू आवाज सुरू झाला. दारातून वॉर्डबॉय गेला, एक म्हातारा सलाइनची बाटली धरून गेला. मग एक बाई येऊन उंबऱ्यावर थांबली. कोसी नव्हती. कोसीसारखीही नव्हती. प्रवासानं मळलेली, कडेवर झोपलेलं लेकरू, कोणाला तरी शोधत होती आणि आत यावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. वळून निघणार असं वाटलं. मी उठलो आणि माझं स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

"आधी बस, बाई," मी म्हणालो. "मंग सांग."

ती बसली. मागे आमेन झालं. सिस्टरनी डोळे उघडले नाहीत.

"कोन आलं?"

"एक बाई हाये. कडेवर लेकरू हाये."

"कोसी?"

"नाही."

त्यांनी चाचपडत छत्रीवर हात ठेवला.

"बसवलं का?"

"बसवलं."